गादी तोलून घ्यावी

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा उलटली की मार्गशीर्षात दोन दिवस गणेशपुरीला जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ जुना आहे. भिवंडीहून वाडा रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत जायचे आणि तेथून वज्रेश्वरीच्या बाजूला वळायचे. सारा प्रवास तीसएक किलोमीटरांचा. तानसा नदीच्या काठी, भीमेश्वर महादेवाच्या मंदिरालगत गरम पाण्याची कुंडे आहेत. पहाटेच्या थंडीत त्या पाण्यातून वाफा निघत असतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांची अशी श्रद्धा आहे की वर्षभर आखडलेली कंबर त्या कुंडात अर्धा तास बसल्याने मोकळी होते.

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी पहाटे वडील कोणाचा हात न धरता उठून बसले. घरी त्यांना पलंगाची कड धरून, आधी कुशीवर वळून, मग थांबत थांबत उठावे लागते. या खटाटोपात पाच मिनिटे जातात. त्यांनी सारे श्रेय कुंडाच्या पाण्याला दिले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "पाण्याचे असेलही, पण रात्री अंगाखाली काय होते तेही पाहा ना जरा." आम्ही चादर उचलून पाहिली. सरळ फळ्यांचा लाकडी पलंग आणि त्यावर जेमतेम तीन इंच जाडीची कापसाची गादी. घरी त्यांच्यासाठी आणलेली गादी सहा इंचांची होती, तिच्यावर 'ऑर्थो' असे सोनेरी अक्षरांत छापले होते, आणि ती घेऊन तीन वर्षेही झाली नव्हती.

परतल्यावर मी पहिले काम केले ते मोजण्याचे. गादीवरची चादर काढली, कमरेच्या जागी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरली आणि सुतळी व गादी यांमधील अंतर पट्टीने घेतले. आईच्या बाजूला ते अर्धा इंच भरले, वडिलांच्या बाजूला दीड इंच. डोळ्यांना हा खड्डा कधी दिसला नव्हता, कारण रोज सकाळी चादर ताणून नीट घातली जात होती. दीड इंच ऐकायला किरकोळ वाटतो. पण कुशीवर निजलेल्या माणसाचे खांदे वर आणि कंबर दीड इंच खाली, अशा स्थितीत सात तास मणका वाकलेला राहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मापाचा अर्थ कळतो.

गादीला दहा वर्षांची हमी होती. तक्रार नोंदवल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याने गादीवर धातूची सरळ पट्टी ठेवली, मोजले, आणि मग एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती: त्याने गादी उचलून भिंतीला लावली आणि तीच पट्टी पलंगाच्या प्लायवुडवर ठेवली. प्लायवुड मध्यभागी अर्धा इंच दबलेले होते. म्हणजे दीड इंचापैकी अर्धा इंच पलंगाचा आणि एक इंच गादीचा. हमीपत्रातील अट होती, "एक इंचाहून अधिक." शिवाय एका कोपऱ्यात चहाचा डाग होता, आणि डाग असलेल्या गादीवर हमी लागू नाही असेही बारीक अक्षरांत लिहिलेले निघाले. तो माणूस खोटे बोलत नव्हता. सौदा करताना आम्ही ज्या कागदावर कधी नजर फिरवली नाही, तो कागद त्याने आम्हांला वाचून दाखवला इतकेच. दुकानात दुसऱ्याला माल देताना प्रत्येक अट दोनदा वाचणारी माणसे आपण. घरासाठी खरेदी करताना इतके भोळे का होतो, हे मला अजून उमगलेले नाही.

पलंगाचा दोष कळला हे मात्र मोठेच काम झाले. हल्लीच्या घरांत जागा कमी, म्हणून खाली सामानाची पेटी असलेला पलंग घेण्याची पद्धत आहे. वरची फळी उचलायला हलकी असावी म्हणून पातळ प्लायवुड वापरतात, आणि मधोमध आधाराचा दांडा देत नाहीत. अशा फळीवर कितीही उत्तम गादी टाकली तरी ती फळीचाच आकार घेणार. म्हणून नवी गादी पाहायला बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रयोग करावा: जुनी गादी चार-पाच रात्री जमिनीवर टाकून तिच्यावर निजावे. पाठीला आराम पडला तर दोष पलंगाचा, न पडला तर गादीचा. आमच्या सुताराने खाली दोन आडवे दांडे ठोकले, अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवुड बसवले आणि माझ्या आग्रहावरून त्याला ठिकठिकाणी भोकेही पाडली. भोके कशासाठी, ते पुढे येईलच.

आता मुख्य प्रश्न. गादी बसते म्हणजे नेमके काय होते?

फोम म्हणजे अगणित सूक्ष्म कप्प्यांची जाळी. त्यात बहुतांश हवा असते, आणि त्या हवेभोवतीच्या पातळ तंतूंवर आपले सारे वजन पेलले जाते. रोज रात्री एकाच जागी दाब, घाम आणि उष्णता मिळत राहिली की हे तंतू थकतात, मोडतात, आणि त्या ठिकाणी फोम पुन्हा पूर्ण उंचीवर येत नाही. एका घनमीटरमध्ये जितका अधिक माल, तितके तंतू भक्कम व अधिक काळ टिकणारे. या मोजमापाला घनता म्हणतात. येथेच बहुतेक ग्राहक फसतात, कारण कडकपणा आणि घनता या दोन भिन्न गोष्टी आहेत. रसायनांचे प्रमाण बदलून अगदी हलका, पोकळ फोमसुद्धा हाताला कडक लागेल असा बनवता येतो. दुकानात मुठीने दाबल्यावर तो दगडासारखा वाटतो, दोन पावसाळ्यांत त्याची हाडे मोडतात. कडकपणा निजून कळतो. टिकाऊपणा निजून कळत नाही, दाबूनही कळत नाही. आणि 'ऑर्थो' हा शब्द यांपैकी कशाचेच माप नाही.

मग तो कळावा कशाने? व्यापारी घराला हे सांगावे लागू नये. आपल्याकडे गादी हा शब्दच मुळी पेढीचा. वडिलांनंतर मुलगा गादीवर बसतो, आणि त्या गादीच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या तराजू असतो. सूत, धान्य, सुकामेवा, भंगारसुद्धा आपण तोलून घेतो. केवळ निजायची गादी तेवढी आपण रंग पाहून घेतो.

हिशेब सोपा आहे. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत घेऊन गुणावी. आलेले घनफूट बाजूला लिहावेत. गादीचे किलोमधील वजन ३५.३ ने गुणून त्या घनफुटांनी भागावे. येणारा आकडा ही किलो प्रतिघनमीटर घनता. आमची जुनी गादी सहा फूट बाय पाच फूट आणि सहा इंच जाड, म्हणजे पंधरा घनफूट. गोदामातील काट्यावर ती खोळीसकट ११.४ किलो भरली. गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर आले २७. विक्रेत्याने तोंडी सांगितले होते ४०. चाळीसची घनता असती तर काट्यावर १७ किलो दिसायला हवे होते. साडेपाच किलो माल कमी, आणि आम्ही सोनेरी अक्षरे वाचत बसलो होतो.

नव्या खरेदीसाठी निघालो तेव्हा गाडीत मोजपट्टी आणि गोदामातला छोटा काटा घेतला होता. पहिल्या दोन दुकानांत आमच्याकडे विचित्र नजरेने पाहिले गेले. एका ठिकाणी "साहेब, गादी काय किलोवर मिळते?" असा विनोदही झाला. तिसऱ्या दुकानदाराने मात्र काटा पाहताच खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "तोला ना, आणि हवा तर तुकडाही घेऊन जा." सौदा त्याच्याकडेच झाला, हे सांगणे नको.

वजनातही लबाडी होऊ शकते, हे त्यानेच सांगितले. फोम बनवताना त्यात खडूची भुकटी मिसळली की वजन वाढते, ताकद वाढत नाही. उलट तो लवकर चुरतो. दुधातल्या पाण्याच्या नेमकी उलट भेसळ म्हणायची. तिची ओळख अशी: कापलेली कड बोटांनी चोळली असता पांढरी पूड सुटते, चिमटीत धरून ओढल्यास कड सहज फाटते, आणि दाबून सोडल्यावर फोम रेंगाळत वर येतो. म्हणून गादीच्या खोळीला चेन आहे का, हे आधी पाहावे. आतला माल पाहू न देणारी, चारही बाजूंनी शिवून बंद केलेली गादी घेणे म्हणजे तोंड बांधलेल्या पोत्यातला गहू न पाहता उचलणे.

तुकड्याचा उपयोगही सांगून ठेवतो. प्रयोगशाळेत फोमचा तुकडा निम्म्या किंवा पाव जाडीपर्यंत दाबून सत्तर अंश तापमानात बावीस तास ठेवतात आणि सोडल्यावर तो किती उंची गमावतो ते मोजतात. घरी सत्तर अंश नको. दोन फळ्यांमध्ये तुकडा ठेवून, जाडी निम्मी होईल इतके वजन वर ठेवावे, रात्रभर तसेच राहू द्यावे, सकाळी सोडून अर्ध्या तासाने मोजावे. आम्ही तीन दुकानांचे तीन तुकडे असे ठेवले होते. दोन जवळपास पूर्ववत झाले, तिसरा दबलेलाच राहिला. तो तिसरा दिसायला सर्वांत देखणा होता. ज्यांना कागदी पुरावा हवा असेल त्यांनी भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचा उल्लेख मालावर आहे का, ते पाहावे: घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी आयएस ७९३३ आणि रबर लावलेल्या काथ्यासाठी आयएस ८३९१.

कोणत्या प्रकारची गादी घ्यावी, या प्रश्नावर घराघरांत वाद आहेत, आमच्याही घरी झाले. फोमचे उरलेले तुकडे दाबून-जोडून बनवलेला रिबॉन्डेड फोम जड आणि कडक असतो, त्याची घनता साधारणतः ऐंशी ते शंभरच्या घरात. तो क्वचितच बसतो, पण उघड्या अंगाला फळीसारखा लागतो. नैसर्गिक रबराचे लेटेक्स महाग, लवचीक आणि दीर्घायुषी. रबर लावलेल्या काथ्याची गादी, जिचा काथ्या केरळच्या किनाऱ्यावरून येतो, ती हवेशीर आणि आरंभी छान ताठ असते. परंतु वर्षे गेली की रबर सुकून ठिसूळ होते आणि गादीखाली तपकिरी भुकटी पडू लागते. ती भुकटी दिसली की गादीचे आयुष्य संपले असे समजावे. काथ्याची गादी कधी दुमडू नये, दुमडली की आतून मोडतेच. स्प्रिंगच्या गाद्यांविषयी माझा अनुभव नाही. तिच्यातही स्प्रिंगवरचा फोमचा थरच आधी बसतो, एवढे ऐकून आम्ही पुढे गेलो.

राहिली कापसाची गादी, जी गणेशपुरीत होती आणि जिच्यामुळे हे सारे रामायण घडले. तीही बसते. किंबहुना सर्वांत लवकर बसते. पण एकटी तीच अशी आहे की दुरुस्त होते. दोन-तीन वर्षांनी कापूस बाहेर काढून पुन्हा पिंजला, थोडा नवा घातला, गादीपाटाची खोळ बदलली, मधोमध टाके घातले की गादी पुन्हा उभी राहते. लहानपणी दिवाळीनंतर पिंजारी दारात यायचा; त्याच्या धुनकीच्या तारेचा तो घुमणारा आवाज आणि ओसरीभर उडणारा पांढरा फुलोरा अजून आठवतो. आता यंत्राने पिंजतात, आवाज गेला, काम तेच आहे. कापूस घेताना एक ध्यानात ठेवावे: सावरीचा कापूस उशीत उत्तम, गादीत नाही. तो गुळगुळीत आणि हलका असल्याने अंगाखालून सरकतो आणि लगेच चपटा होतो.

वडिलांचा आग्रह होता की मिळेल तितकी कडक गादी आणावी. त्यांचे म्हणणे असे की पौषधाच्या रात्री ते संथाऱ्यावर निजतात तेव्हा कंबर दुखत नाही. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत तर भूमिशयनच सांगितले आहे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तपाची रात्र वेगळी आणि आजारी कंबरेची रोजची रात्र वेगळी, एवढेच म्हणालो. मात्र आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एका जुन्या अभ्यासाची माहिती दिली ती त्यांना पटली. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर गाद्यांची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्यांना कडक गाद्या दिल्या, निम्म्यांना मध्यम कडक. कोणती कोणाला, हे रुग्णांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. म्हणजे गादी बसू नये हे खरे, पण तिने खांद्याला आणि नितंबाला थोडी जागा द्यावी हेही तितकेच खरे. वृद्ध, सडपातळ माणसाला तर विशेष. पायात मुंग्या येत असतील, कळ खाली उतरत असेल, तर मात्र गादीच्या दुकानात न जाता आधी डॉक्टरांकडे जावे.

हे तपासण्याची युक्ती साधी आहे. दुकानात चपला काढून आपल्या नेहमीच्या कुशीवर पंधरा मिनिटे निजावे. संकोच करू नये, पैसे आपले आहेत. मग पाठीवर वळून कमरेखालच्या पोकळीत तळहात सरकवावा. हात सैल फिरला तर गादी फार कडक, आत घालण्यासाठी अंग उचलावे लागले तर फार मऊ. वडील दुकानात निजले आणि खरोखरच झोपी गेले. दुकानदाराने पंखा लावला.

शेवटी आम्ही एक मोठी गादी घेतलीच नाही. सहा बाय अडीच फुटांच्या दोन गाद्या घेतल्या आणि शेजारी शेजारी टाकल्या. वडिलांसाठी चार इंच रिबॉन्डेड आणि त्यावर एक इंच लेटेक्स; आईने कापसाचीच मागितली, ती ओळखीच्या माणसाकडून समोर बसून भरून घेतली, नऊ किलो कापूस मोजून. वडिलांची गादी खोळीसकट सुमारे सतरा किलोंची, त्यामुळे एकटी सून ती फिरवू शकते. सहा फुटी अखंड गादी कोणाच्याच्याने फिरवली जात नाही, हे तिच्या बसण्याचे एक मोठे कारण आहे. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. वरचा थर एकाच बाजूला असेल तर ती उलटू नये, केवळ फिरवावी.

आता त्या भोकांविषयी. आपल्या भिवंडी-वज्रेश्वरीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. रात्रीचा घाम गादीतून खाली उतरतो, खाली सलग प्लायवुड असले की तेथेच साठतो. फोम ओला राहून लवकर थकतो, काथ्या कुजतो, कापसाच्या गाठी होतात. भोकांतून हवा खेळती राहिली की हा ओलावा निघून जातो. सकाळी उठल्याबरोबर पलंग आवरू नये, तासभर चादर बाजूला करून गादी उघडी ठेवावी. आणखी एक गोष्ट: ढेकणांचा उपद्रव एकदा सुरू झाला की आपल्यासारख्या घरात मोठी पंचाईत होते, औषध फवारायचे मन होत नाही आणि झोपही लागत नाही. सर्व बाजूंनी चेनने बंद होणारी घट्ट विणीची खोळ घातली, आणि आठवड्यातून एकदा शिवणी व पलंगाच्या फटी पाहून मऊ कुंचल्याने जयणेने झाडल्या, तर तो प्रसंग टाळायला मदत होते. आमच्याकडे हे काम आई करते, चष्मा लावून.

खरेदीच्या वेळी पावतीवर तीन गोष्टी लिहून घेतल्या: आतील प्रत्येक थराची जाडी, घनता, आणि किती खड्डा पडल्यास हमी लागू होईल ते माप. लेखी मागितल्यावर विक्रेत्याचा सूर बदलतो का, हेही कळते. अन्याय झालाच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे, पण तेथे बोलताना हाती पावती असावी लागते.

त्याला आता अकरा महिने झाले. दर महिन्याच्या एक तारखेला मी सुतळी लावून रोजमेळाच्या मागच्या पानावर आकडा लिहितो. वडिलांच्या बाजूला अद्याप दोन मिलिमीटर आहेत. आईची गादी अर्धा इंच दबली आहे, ती पुढच्या दिवाळीनंतर पिंजायला जाईल.

या मार्गशीर्षात पुन्हा गणेशपुरीला गेलो. तीच धर्मशाळा, तीच खोली. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील कुंडाकडे निघताना कंबर चोळत म्हणाले, "या वर्षी यांनी गाद्या फार कडक केल्यात." आईने चादर उचलून पाहिली. गादी गेल्या वर्षीचीच होती.